अमेरिकेत मत कोणाला होते? स्वातंत्र्यापासून यादवी युद्धापर्यंतच्या मताधिकाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेने १७७६ साली सगळी माणसे समान असल्याचे जाहीर केले. त्यामुळे तेव्हापासून तिथे सगळेच मत देऊ लागले असतील, असे अनेकांना वाटते. तसे घडले नाही. पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत, म्हणजे गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेत यादवी युद्ध पेटेपर्यंत, मताधिकार खूप वाढला, पण त्याच काळात काही लोकांच्या हातात असलेला हक्क काढूनही घेतला गेला. पुष्कळदा ही दोन्ही कामे एकाच कायद्याने, एकाच दिवशी झाली. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय हा इतिहास कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. खालची उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा मत कोण देत होते?

ते राज्यावर अवलंबून होते. तेरा राज्यांचे तेरा कायदे होते. बहुतेक ठिकाणी मतदार म्हणजे एकवीस वर्षे पूर्ण झालेला, ठरावीक मालमत्ता असलेला पुरुष. ही अट इंग्लंडातून आली होती. तिथे वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्न देणारी जमीन स्वतःच्या मालकीची असेल तर परगण्यातून मत देता येई. व्हर्जिनियात घर बांधलेली २५ एकर किंवा पडीक ५० एकर जमीन लागे, आणि ते घर निदान बारा फूट लांब, बारा फूट रुंद असावे असेही कायद्यात लिहिलेले होते. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर सातबाऱ्यावर नाव असेल तर मत, नाहीतर नाही.

इंग्लंडच्या मानाने वसाहतींत जमीन मिळणे सोपे होते. त्यामुळे निम्म्याहून अधिक प्रौढ गोरे पुरुष या अटीत बसत, असा साधारण अंदाज केला जातो. त्या काळच्या जगात हे प्रमाण मोठेच होते. पण शहरातला सुतार, बंदरावरचा हमाल, दुसऱ्याची जमीन कसणारे कूळ, बापाच्या शेतावर राबणारा तरुण मुलगा हे सगळे बाहेर राहत. स्त्रिया जवळजवळ सगळीकडे बाहेर होत्या. गुलामांचा तर प्रश्नच कोणी काढत नव्हते.

राज्यघटनेत मताधिकाराविषयी काय लिहिले होते?

जवळजवळ काहीच नाही. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना तयार होत असताना गव्हर्नर मॉरिस या प्रतिनिधीने (गव्हर्नर हे त्याचे नाव, पद नव्हे) जमीनमालकांनाच मत द्यावे अशी सूचना मांडली होती. बेंजामिन फ्रँकलिनने तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. मग मधला मार्ग निघाला. राज्याच्या विधिमंडळातील मोठ्या सभागृहासाठी जो मत देऊ शकतो, तो काँग्रेसच्या, म्हणजे केंद्रीय कायदेमंडळाच्या, प्रतिनिधीगृहासाठीही मत देईल, एवढेच ठरले.

म्हणजे मतदार कोण, हे राज्यांनी ठरवायचे. थेट निवडून येणारे केंद्रातले सभागृहही हे एकच. सिनेटवरचे सदस्य राज्यांची विधिमंडळे निवडत, आणि ही पद्धत १९१३ पर्यंत टिकली. राष्ट्राध्यक्षाची निवड निर्वाचक करत, आणि ते निर्वाचक कसे निवडायचे हेही राज्यांच्या मर्जीवर होते. त्यामुळे मताधिकाराचा लढा दिल्लीसारख्या एखाद्या राजधानीत झाला नाही. तो ऑल्बनी, बोस्टन, रिचमंड, हॅरिसबर्ग अशा एकेका राज्याच्या राजधानीत, वेगवेगळ्या वर्षी झाला. या इतिहासात तारखांची गर्दी दिसते ती त्यामुळे.

जमीन नसलेल्याला मत नको, यामागे त्यांचा युक्तिवाद तरी काय होता?

जो पोटासाठी दुसऱ्यावर अवलंबून आहे त्याला स्वतःची इच्छा नसते, असा. विल्यम ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताने तो मांडला होता आणि अमेरिकेतले वकील तो पाठ म्हणत. कुळाला मत दिले तर ते जमीनदार सांगेल तिथेच जाणार, म्हणजे जमीनदाराला एकाऐवजी पन्नास मते मिळणार, असे ते सांगत. दुसरी भीती याच्या अगदी उलट होती: गरिबांनी स्वतःच्या मनाने मत दिले तर ते श्रीमंतांवर कर बसवतील. हे दोन्ही मुद्दे एकाच तोंडातून येत.

जॉन ॲडम्सने मे १७७६ मध्ये जेम्स सलिव्हन यांना लिहिलेल्या पत्रात आणखी एक धोका दाखवला. एकदा हा विषय उघडला की तो संपणार नाही. स्त्रिया मत मागतील, बारा ते एकवीस वर्षांची पोरे मागतील, खिशात छदाम नसलेला माणूसही बरोबरीचा वाटा मागेल, असा त्याचा सूर होता. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याची पत्नी ॲबिगेल हिने, नवे कायदे करताना बायकांची आठवण ठेवा, असे त्याला कळवले होते. त्याने ते हसण्यावारी नेले.

मतदान उघड होते तोवर अवलंबून असलेल्या माणसावर दबाव येईल ही भीती अगदीच खोटी नव्हती. पण दबाव आणणाऱ्याला रोखायचे सोडून, ज्याच्यावर दबाव येतो त्यालाच मतदानातून काढून टाकणे हा उपाय मला अन्यायाचा वाटतो.

मतदान उघड होते म्हणजे नेमके कसे?

व्हर्जिनियात मतदार न्यायालयाच्या आवारात येई. टेबलाशी शेरीफ आणि कारकून बसलेले असत, उमेदवारही तिथेच असत. मतदाराने सगळ्यांसमोर मोठ्याने नाव सांगायचे, कारकुनाने लिहून घ्यायचे, आणि ज्याला मत मिळाले त्या उमेदवाराने बऱ्याचदा उठून आभार मानायचे. मतदारांना दारू पाजणे हा तर रिवाजच होता. १७५८ साली जॉर्ज वॉशिंग्टन व्हर्जिनियाच्या वसाहतीच्या सभागृहासाठी उभा राहिला, तेव्हा त्याच्या वतीने रम, वाइन, बिअर मिळून दीडशे गॅलनांच्या आसपास पेये वाटली गेली.

उत्तरेत कागदी मतपत्रिका होत्या, पण त्या सरकारी नव्हत्या. आधी लोक हाताने नावे लिहून आणत, पुढे पक्ष छापून देऊ लागले. कोणाच्या हातात कुठल्या पक्षाचा कागद आहे हे लांबूनही ओळखता येई. सरकारने छापलेली, गुप्तपणे भरायची मतपत्रिका १८८८ पासून पुढे पसरली. मॅसॅच्युसेट्सने त्या वर्षी तसा कायदा केला. केंटकीत तोंडी मतदान १८९१ पर्यंत चालू होते.

मालमत्तेची अट आधी कोणी सोडली?

पेनसिल्व्हेनियाने १७७६ मध्येच जमिनीची अट काढून कर भरणाऱ्या स्वतंत्र पुरुषांना मत दिले. व्हरमाँटने १७७७ च्या आपल्या घटनेत जमीनही नको आणि करही नको असे ठरवले. तेव्हा व्हरमाँट तेरा राज्यांत नव्हतेच. ते १७९१ मध्ये संघराज्यात आले. पाठोपाठ १७९२ मध्ये केंटकी आले, तिथेही सर्व स्वतंत्र पुरुषांना मत होते. सात वर्षांनी केंटकीने घटना बदलली आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयांना त्यातून वगळले. पुढे जे बऱ्याच राज्यांत होणार होते त्याचा हा एक सुरुवातीचा नमुना.

त्या काळी काही स्त्रिया मत देत होत्या, हे खरे आहे का?

होय, न्यू जर्सीत. या कहाणीला इतिहासाच्या पुस्तकांत अजूनही तिच्या योग्यतेची जागा मिळत नाही.

न्यू जर्सीच्या १७७६ च्या घटनेत मतदार म्हणजे प्रौढ वयाचे, पन्नास पौंडांची मालमत्ता असलेले 'सर्व रहिवासी' असे शब्द होते. पुरुष असा उल्लेख नव्हता, गोरा असाही नव्हता. ही चूक होती असे म्हणून अनेक जण हा विषय झटकतात. पण १७९० च्या निवडणूक कायद्यात मतदारासाठी 'तो किंवा ती' अशी दोन्ही सर्वनामे वापरली आहेत, आणि १७९७ च्या कायद्याने हेच राज्यभर लागू केले. विधिमंडळाने डोळे उघडे ठेवून केलेली गोष्ट चुकीत कशी मोजायची?

तरी मर्यादा होत्या. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची होई, म्हणून पन्नास पौंडांची अट प्रामुख्याने विधवा आणि अविवाहित स्त्रियाच पुऱ्या करू शकत. तशा स्त्रिया आणि मालमत्ता असलेले काही कृष्णवर्णीय मतदानाला जात. अलीकडे फिलाडेल्फियातल्या संग्रहालयाच्या संशोधकांनी जुन्या मतदार याद्या शोधून काढल्या. त्यातल्या माँटगोमरी गावच्या ऑक्टोबर १८०१ च्या यादीत ३४३ नावांपैकी किमान ४६ नावे स्त्रियांची आहेत.

१७९७ मध्ये एलिझाबेथटाउन भागातल्या निवडणुकीत स्त्रियांची मते विरोधात गेल्याने जॉन काँडिक्ट हा उमेदवार हरता हरता वाचला. १८०७ मध्ये एसेक्स परगण्याचे न्यायालय कुठे बांधायचे यावर मतदान झाले, त्यात सर्रास लबाडी झाली. पुरुषांनी बायकांचे कपडे घालून दुसऱ्यांदा मत दिल्याच्याही तक्रारी आल्या. खोटेपणा पुरुषांनी केला आणि शिक्षा स्त्रियांना झाली. त्याच वर्षी विधिमंडळाने मतदान फक्त गोऱ्या, कर भरणाऱ्या पुरुष नागरिकांपुरते केले. या कायद्याच्या बाजूने पुढे असलेला माणूस तोच काँडिक्ट होता. आणि हाच कायदा गरीब गोऱ्या पुरुषासाठी मात्र मोठा दिलासा ठरला, कारण पन्नास पौंडांची अट जाऊन नुसता कर भरणे पुरेसे झाले. स्त्री आणि कृष्णवर्णीय बाहेर, गरीब गोरा आत.

मालमत्तेची अट नेमकी का गेली? श्रीमंतांनी ती सोडली कशी?

कारणे बरीच आहेत, आणि उदारपणा त्यात फार खाली येतो.

सगळ्यात जोरदार कारण युद्ध. स्वातंत्र्ययुद्धात आणि पुन्हा १८१२ च्या युद्धात जमीन नसलेले लोक लढले. बंदूक उचलायला चालतो, मग मत द्यायला का नाही, हा प्रश्न त्यांनी परत आल्यावर विचारला. १८२९ मध्ये रिचमंड शहरातल्या भूमिहीन नागरिकांनी व्हर्जिनियाच्या घटना अधिवेशनाला अर्ज दिला. शांततेच्या काळात मतदानाच्या जागेवरून अपमान करून हाकलतात, युद्धाच्या वेळी मात्र रणांगणावर मोठ्या मनाने बोलावतात, असे त्यात म्हटले होते. तो अर्ज अधिवेशनात सादर केला सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी. जेम्स मॅडिसन आणि जेम्स मन्रो हे दोन माजी राष्ट्राध्यक्षही तिथे प्रतिनिधी म्हणून बसले होते. एवढी मोठी माणसे जमूनही व्हर्जिनियाने फक्त थोडी सूट दिली, घर चालवणाऱ्या करदात्यांना आणि दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने जमीन घेणाऱ्यांना मत मिळाले. सर्व गोऱ्या पुरुषांना ते १८५१ मध्ये मिळाले.

दुसरे कारण पश्चिमेकडची नवी राज्ये. इंडियाना १८१६ मध्ये, इलिनॉय १८१८ मध्ये, अलाबामा १८१९ मध्ये आले. त्यांना वस्ती हवी होती. जमिनीचे कागद अजून नीट झालेले नसलेल्या प्रदेशात मालकीची अट लावून लोक आले नसते. पूर्वेकडचे तरुण तिकडे निघू लागल्यावर जुन्या राज्यांनाही विचार करावा लागला.

तिसरे, पक्षांची चढाओढ. दोन पक्ष जवळजवळ बरोबरीत असले की नवे मतदार आणणारा जिंकतो. एकाने मागणी उचलली की दुसऱ्याला विरोध परवडत नाही. शिवाय अट पाळायची म्हणजे प्रत्येकाची मालमत्ता तपासायची, आणि त्यात भांडणे होत. निवडणुकीपुरते कोणाच्या तरी नावावर जमिनीचा तुकडा करून देणे आणि नंतर परत घेणे हेही चाले.

न्यूयॉर्कच्या १८२१ च्या अधिवेशनाला इतके महत्त्व का?

कारण तिथे दोन्ही बाजू उघडपणे बोलल्या, आणि ते बोलणे नोंदले गेले. ऑल्बनीत भरलेल्या या अधिवेशनात जेम्स केंट हा राज्याचा वरिष्ठ न्यायाधीश निदान सिनेटसाठी तरी मतदार जमीनमालक असावा म्हणून लढला. न्यूयॉर्क शहर वाढते आहे, तिथल्या गर्दीच्या हाती कायदा गेला तर मालमत्ता सुरक्षित राहणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याची बाजू मोठ्या फरकाने हरली. मार्टिन व्हॅन ब्यूरेन, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, जिंकणाऱ्या बाजूच्या पुढाऱ्यांत होता. गोऱ्या पुरुषाने कर भरला, स्थानिक लष्करी पथकात काम केले किंवा रस्त्याच्या कामावर मजुरी केली तरी त्याला मत मिळाले. १८२६ मध्ये याही अटी निघाल्या.

याच अधिवेशनात मतदार 'गोरा' असावा असा शब्द घालण्याचा प्रस्ताव आला. जुन्या, १७७७ च्या घटनेत वर्णाचा उल्लेख नव्हता. पीटर ऑगस्टस जे (जे हे त्याचे आडनाव) याने या शब्दाला कडाडून विरोध केला आणि तो ६३ विरुद्ध ५९ मतांनी गळला. वाटले असेल की जिंकलो. पण मग तडजोड म्हणून दुसरे कलम आले: कृष्णवर्णीय माणसाकडे कर्ज वजा जाता २५० डॉलर किमतीची स्थावर मालमत्ता असावी आणि तो तीन वर्षे राज्याचा नागरिक असावा. जी अट गोऱ्यांसाठी जुनाट आणि अन्यायाची ठरवून टाकून दिली, तीच त्याच सभागृहाने कृष्णवर्णीयांसाठी अधिक जाचक करून ठेवली.

इतर राज्यांतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय मतदारांचे काय झाले?

एकेक करून त्यांना काढले. मेरीलँडने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, कनेक्टिकटने १८१८ मध्ये, टेनेसीने १८३४ मध्ये, नॉर्थ कॅरोलिनाने १८३५ मध्ये. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना ही गुलामगिरीची राज्ये, आणि तिथेही तोवर स्वतंत्र कृष्णवर्णीय पुरुष मत देत होते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. १८१९ नंतर यादवी युद्धापर्यंत जी नवी राज्ये आली त्यांतले मेन सोडले तर प्रत्येकाने मताधिकार गोऱ्यांपुरता ठेवला.

पेनसिल्व्हेनियाची गोष्ट मला सर्वांत बोचते. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे राज्य, गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा कायदा १७८० मध्येच करणारे. १८३७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, मतदान नाकारल्याबद्दल विल्यम फॉग या कृष्णवर्णीय करदात्याने केलेला दावा फेटाळला गेला. पाठोपाठ घटना अधिवेशनाने ७७ विरुद्ध ४५ मतांनी 'गोरा' हा शब्द घातला. रॉबर्ट पर्व्हिस या कृष्णवर्णीय पुढाऱ्याने चाळीस हजार कृष्णवर्णीय नागरिकांच्या वतीने जनतेला आवाहन लिहिले. आम्ही कर भरतो, आमचे गरीब आम्ही सांभाळतो, पिवळ्या तापाच्या साथीत फिलाडेल्फियाच्या मदतीला आम्ही धावलो, मग आमचा गुन्हा काय, असे त्याने विचारले. १८३८ मध्ये नवी घटना मंजूर झाली.

शब्द घालण्याआधीही परिस्थिती चांगली नव्हती. १८३१ मध्ये अमेरिकेत फिरायला आलेल्या अलेक्सी द तोकव्हील या फ्रेंच माणसाने पेनसिल्व्हेनियातल्या एका रहिवाशाला विचारले की इथल्या कायद्याने मुक्त कृष्णवर्णीयांना मत आहे, मग ते मतदानाला दिसत का नाहीत? उत्तर मिळाले की मारहाणीच्या भीतीने ते येत नाहीत, आणि बहुसंख्यांचा पाठिंबा नसला तर कायद्याचे काही चालत नाही.

१८५५ पर्यंत गोऱ्यांच्या बरोबरीने मत देता येईल अशी पाचच राज्ये उरली: मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड. या राज्यांत कृष्णवर्णीयांची वस्ती फारच थोडी होती.

एकाला देताना दुसऱ्याचे काढून घेण्याची गरज काय होती?

मालमत्तेची अट होती तेव्हा एक रेषा आपोआप आखली जात होती. ती पुसल्यावर नागरिक कोण, हा प्रश्न उघडा पडला. मताधिकार जमिनीवरून उठला आणि कातडीच्या रंगावर जाऊन बसला. गरीब गोऱ्याला नवा मान मिळाला, आणि तो मान ज्याला नाही असा कोणीतरी खाली असण्यावर त्याची किंमत टिकून होती.

हिशेबही होता. न्यूयॉर्कमधले कृष्णवर्णीय मतदार बहुधा फेडरलिस्ट पक्षाला मत देत, म्हणून व्हॅन ब्यूरेनच्या गटाला ते नको होते. पुढे डेमोक्रॅटिक पक्ष उत्तरेतले कामगार आणि दक्षिणेतले मळेवाले यांना एकत्र बांधून उभा राहिला. अशा आघाडीत कृष्णवर्णीयांचा हक्क कोण बोलून दाखवणार?

याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

थेट धागे दोन आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. वर्णावरून मत नाकारायला मनाई करणाऱ्या तिथल्या पंधराव्या घटनादुरुस्तीला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्यांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली आणि १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकार मागितला. ब्रिटिश अमलात इथेही जमीन महसूल, कर, शिक्षण यांवर मत ठरत होते. भारताच्या राज्यघटनेने ती पायरी सोडून एकदम सगळ्यांना मत दिले, ते किती धाडसाचे होते हे न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाचा इतिहास वाचल्यावर जास्त समजते.

अँड्र्यू जॅक्सनने सामान्य माणसाला मत मिळवून दिले, असे म्हणतात. बरोबर आहे का?

नाही. जॅक्सन १८२८ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला तोवर बहुतेक राज्यांतल्या अटी सैल झाल्या होत्या. त्या बदलाचा फायदा त्याला झाला, आणि त्या मतदारांना घराबाहेर काढण्याचे काम त्याच्या माणसांनी उत्तम केले.

१८२४ मध्ये चार उमेदवार होते. निर्वाचकांची मते जॅक्सनला ९९, जॉन क्विन्सी ॲडम्सला ८४, विल्यम क्रॉफर्डला ४१, हेन्री क्लेला ३७ मिळाली. बहुमत कोणालाच नाही, म्हणून निवड प्रतिनिधीगृहाकडे गेली. तिथे क्लेच्या पाठिंब्याने ॲडम्स जिंकला आणि त्याने क्लेला परराष्ट्रमंत्री केले. जॅक्सनच्या बाजूने सौदेबाजीची ओरड चार वर्षे चालू ठेवली. १८२८ मध्ये जॅक्सनला १७८ आणि ॲडम्सला ८३ मते पडली.

याच चार वर्षांतला एक बदल मला जॅक्सनपेक्षा महत्त्वाचा वाटतो. १८२४ मध्ये सहा राज्यांत राष्ट्राध्यक्षाचे निर्वाचक विधिमंडळे निवडत होती. १८२८ मध्ये अशी दोनच राज्ये राहिली, डेलावेअर आणि साउथ कॅरोलिना. लोकांच्या हाती थेट निवड आली. मतदानाचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर गेले. १८४० मध्ये ते ८० टक्क्यांपर्यंत पोचले, आणि तोवर मिरवणुका, गाणी, लाकडी खोपट्यांच्या प्रतिकृती असा सगळा जल्लोष निवडणुकीत आला होता.

उमेदवार कोण ठरवत असे?

सुरुवातीला काँग्रेसमधल्या पक्षाच्या सदस्यांची बैठक. १८२४ मध्ये क्रॉफर्डला निवडायला ६६ सदस्यच आले, आणि ती पद्धत तिथेच मोडली. पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन पहिल्यांदा भरवले ते फ्रीमेसन या गुप्त संघटनेच्या विरोधात उभ्या राहिलेल्या एका छोट्या पक्षाने, सप्टेंबर १८३१ मध्ये बाल्टिमोरला. मोठ्या पक्षांनी त्याचे अनुकरण केले.

गुलामांना मत नव्हते, पण त्यांची मोजणी होत होती. ती कशी?

दर पाच गुलामांमागे तीन माणसे धरून राज्याची लोकसंख्या ठरे, आणि तिच्यावर प्रतिनिधीगृहातल्या जागा आणि निर्वाचकांची संख्या ठरे. म्हणजे ज्याला मत नाही, त्याच्या डोक्यामुळे त्याच्या मालकाच्या राज्याचे वजन वाढे. १८०० मध्ये थॉमस जेफरसनने जॉन ॲडम्सला ७३ विरुद्ध ६५ असे हरवले. ही मोजणी नसती तर ॲडम्स जिंकला असता, असे अनेक इतिहासकार दाखवतात.

मूळ रहिवाशांना मत होते का?

एक समाज म्हणून नाही. त्यांना वेगळी राष्ट्रे मानून नागरिकत्वाबाहेर ठेवले होते. चेरोकींनी १८२७ मध्ये स्वतःची लिखित राज्यघटना केली होती. १८३० च्या कायद्याने त्यांना हुसकावण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि १८३८ मध्ये सैन्याने त्यांना पश्चिमेकडे नेले. वाटेत हजारो मेले. त्या कायद्यावर सही जॅक्सनची होती. सर्व मूळ रहिवाशांना नागरिकत्व १९२४ मध्ये मिळाले.

नव्याने आलेल्या परदेशी लोकांना?

राज्य बदलले की उत्तर बदलते. विस्कॉन्सिनने १८४८ मध्ये नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी गोऱ्या पुरुषांनाही मत दिले, कारण वस्ती हवी होती. उलट आयरिश कॅथलिकांची संख्या वाढल्यावर कनेक्टिकटने १८५५ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सने १८५७ मध्ये वाचता येण्याची अट घातली. सरकारी मदतीवर जगणाऱ्या दरिद्री माणसाला तर अनेक राज्यांनी मालमत्तेची अट काढतानाच वगळले.

स्त्रियांनी पुन्हा मागणी कधी केली?

संघटितपणे जुलै १८४८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावी. एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी मताधिकाराचा ठराव मांडला, तेव्हा सभेतल्याच अनेकांना तो अति वाटला. गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस त्याच्या बाजूने उठून बोलले आणि ठराव पास झाला. जाहीरनाम्यावर ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुषांच्या सह्या आहेत. देशभर मत मिळायला १९२० उजाडले.

मताधिकारासाठी कुठे शस्त्रे उचलली गेली का?

ऱ्होड आयलंडमध्ये. सगळीकडे नव्या घटना होत असताना हे राज्य १६६३ साली इंग्लंडच्या राजाने दिलेल्या सनदेवर चालत होते. १३४ डॉलरची जमीन असलेला माणूस आणि त्याचा थोरला मुलगा, एवढ्यांनाच मत. गिरण्या वाढल्या, प्रॉव्हिडन्स शहर भरले, आणि निम्म्याहून अधिक गोरे पुरुष मताविना राहिले.

थॉमस विल्सन डॉर हा श्रीमंत घरातला, हार्वर्डमध्ये शिकलेला वकील त्यांचा पुढारी झाला. विधिमंडळ ऐकत नाही म्हणून त्यांनी स्वतःच अधिवेशन भरवले, घटना लिहिली आणि डिसेंबर १८४१ मध्ये लोकांकडून मंजूर करून घेतली. डॉरला कृष्णवर्णीयांनाही मत हवे होते, पण त्याच्याच माणसांनी 'गोरा' शब्द ठेवला. १८४२ च्या वसंतात एका राज्यात दोन गव्हर्नर झाले, डॉर आणि सॅम्युएल वॉर्ड किंग. मे महिन्यात डॉरच्या लोकांनी रात्री प्रॉव्हिडन्सच्या शस्त्रागारावर चाल केली. त्यांच्या तोफा उडाल्याच नाहीत. कृष्णवर्णीय नागरिक सरकारच्या बाजूने उभे राहिले, आणि नव्या घटनेत त्यांना मत मिळाले. ज्यांनी त्यांना वगळले त्यांच्यासाठी त्यांनी का लढावे?

डॉरला १८४४ मध्ये राज्यद्रोहाबद्दल जन्मठेप आणि एकांतवासात सक्तमजुरीची शिक्षा झाली. लोकांचा रोष इतका की पुढच्याच वर्षी त्याला सोडावे लागले. तुरुंगाने त्याची प्रकृती खचली होती. १८५४ मध्ये तो वारला. कोणते सरकार खरे, हे ठरवणे आमचे काम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १८४९ मध्ये सांगितले.

मालमत्तेची अट शेवटपर्यंत कुठे टिकली?

नॉर्थ कॅरोलिनात राज्याच्या सिनेटसाठी पन्नास एकरांची अट १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत होती. साउथ कॅरोलिनात गोऱ्या पुरुषांना मत लवकर मिळाले, पण राष्ट्राध्यक्षाचे निर्वाचक १८६० पर्यंत विधिमंडळच निवडत राहिले. ऱ्होड आयलंडने परदेशात जन्मलेल्या नागरिकांवरची जमिनीची अट १८८८ मध्ये उठवली. न्यूयॉर्कमधली २५० डॉलरची अट काढावी की नाही, हे १८४६ आणि १८६० मध्ये मतदारांना विचारले गेले, आणि दोन्ही वेळा त्यांनी ती राखली. यादवी युद्ध होऊन गेले, गुलामगिरी संपली, १८६९ मध्ये तिसऱ्यांदा विचारले, तरी उत्तर तेच आले. ती अट १८७० मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीने गेली.